वेळ बरोबर, पण घड्याळ आजारी

‘चावीचे घड्याळ वेळ बरोबर दाखवत असेल तर ते उघडू नये’ हे घड्याळांवरच्या एका लेखातील मत मला पटले नाही. वडिलांचे एचएमटी ‘जनता’ मी आजही वापरतो. सतरा ज्वेल (चाकांचे आस ज्यात फिरतात ते कृत्रिम माणकांचे खडे), तासाला 18,000 म्हणजे सेकंदाला पाच ठोके. ते दिवसाला जेमतेम अर्धा मिनिट पुढे जात असल्यामुळे मीही निर्धास्त होतो. पण इथे बेळगावात खडेबाजारातील एका जुन्या कारागिराने मागचे झाकण उघडून भिंग माझ्या हातात दिले, तेव्हा बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेऊन वेळ राखणारे चाक, अर्धवट झोके घेत होते आणि ज्वेलच्या कडेला सुकलेल्या तेलाने तपकिरी कडे धरले होते. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) अँप्लिट्यूड, म्हणजे त्या चाकाच्या झोक्याचा कोन, 190 अंश भरले. पूर्ण चावी दिलेल्या, तबकडी वर करून ठेवलेल्या निरोगी घड्याळात ते साधारण 250 ते 300 असते. वेळ तर रेग्युलेटर (चाल मंद-जलद करणारी पट्टी) सरकवूनही जुळवता येते, मात्र कोरड्या पिव्होटची, म्हणजे चाकाच्या आसाच्या टोकाची, झीज त्याने थांबत नाही. त्याआधी दुसऱ्या एका दुकानात (नाव घेत नाही) ‘सर्व्हिसिंग’ म्हणून मशीन न खोलता अख्खे पेट्रोलमध्ये बुचकळून दिले होते, त्यामुळे धुतले काय जाते यापेक्षा सुटे केले काय जाते, हे आता मी आधी विचारतो. नव्याने छापलेल्या चकचकीत तबकडीची ‘जनता’ ऑनलाइन घेणाऱ्यांनीही विक्रेत्याकडे आतल्या मशीनचा फोटो अवश्य मागावा. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या, म्हणजे ते निष्काळजी हातांनी उघडलेले असावे असे वाटले, तर ते घड्याळ मी तरी घेणार नाही.