सायनॅप्स जळत नाहीत, काकू

परवा नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या मेडिकलवर एक काकू आल्या. पाच महिन्यांपासून एस्सिटॅलोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी चालू. स्ट्रिपमधल्या चार गोळ्या फोडलेल्या, सहा तशाच. "परत घेता का जी? यानं डोकं जळते म्हणतात." फोन पुढे केला तर तोच फॉरवर्ड, आमच्या फुटाळ्याच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलेला: डिप्रेशनच्या गोळ्या मेंदूतले सायनॅप्स जाळतात, मेंदूतलं सिरोटोनिन हे रसायन कमी पडलं की डिप्रेशन येतं ही थिअरी खोटी निघाली, आणि गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही.

आधी जळण्याचं बघू. सायनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधला सांधा. तिथल्या बारीक फटीतून निरोप पलीकडे जातो. फटीत निरोप घेऊन सुटलेलं सिरोटोनिन पेशीनं लगेच परत ओढून घेऊ नये, एवढंच ही गोळी करते, आणि तेही काही तासांत. मग बरं वाटायला आठवडे का लागतात? कारण त्यानंतरचं काम सावकाश चालतं. उंदरांवरच्या प्रयोगांत दीर्घ ताणानं हे सांधे झडताना दिसले, तर या औषधांनी बीडीएनएफ हे पेशींना पोसणारं प्रथिन वाढलं आणि नवे सांधे फुटले. म्हणजे फॉरवर्डवाल्यानं बदल होतो हे बरोबर ऐकलं, दिशा उलटी लावली.

माणसांमधला पुरावा अजून पातळ आहे, हेही सांगतो. 2023 साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला. 32 निरोगी माणसं, काहींना एस्सिटॅलोप्रॅम, काहींना नुसती खोटी गोळी, तीन ते पाच आठवडे. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये दोन गटांत सरसकट फरक निघाला नाही. पण औषधवाल्यांत गोळीचे दिवस जितके जास्त, तितकी सायनॅप्सची घनता जास्त दिसली. यातून 'जाळतात' कसं काढलं, देव जाणे.

थिअरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. नैराश्य सिरोटोनिनच्या कमतरतेनं येतं याला ठोस पुरावा नाही, असं ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी 2022 च्या एका आढाव्यात मांडलं. पण गोळी लागू पडते का, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात कूलरनं जीव थंडावतो. म्हणून काय नागपूरचं ऊन कूलर नसल्यामुळे पडते? लागू पडण्याचा हिशेब 2018 मध्ये दुसऱ्या एका मोठ्या आढाव्यात झाला: 522 चाचण्या, 21 औषधं, सगळी खोट्या गोळीपेक्षा सरस. सरासरी फरक मात्र माफकच.

राहिलं 'सुटत नाही'. सुटते, पण झटक्यात सोडली तर चक्कर, मळमळ, डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात. मी काकूंना विचारलं, गोळी कधीपासून बंद आहे? "चार दिवस झाले. तेव्हापासूनच तर डोक्यात करंट बसल्यासारखा होते. म्हणून तर मले ते जळण्याचं खरं वाटलं."

स्ट्रिप परत घेतली नाही. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. गोळी पुन्हा सुरू झाली. बंद करायची वेळ येईल तेव्हा डोस थोडाथोडा उतरवायचा, असं ठरलं.