‘निकियात मतदान घेऊन देव केला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाताळच्या लेखाखाली तुम्ही जी मोठी प्रतिक्रिया टाकलीत ती नीट वाचली. कमेंटच्या चौकटीत मावणार नाही म्हणून इथे वेगळं लिहितेय, आणि बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुम्ही म्हणता की येशू हा गालीलातला एक चांगला शिक्षक होता, त्याच्या माणसांनी त्याला कधी देव मानलंच नव्हतं, तीनशे वर्षांनी कॉन्स्टंटाईन बादशहाने निकियात बिशप गोळा केले, मतदान घेतलं आणि एका माणसाला देव करून टाकलं. दुसरं, अमर्याद देव बाळाच्या शरीरात मावतो हे बुद्धीला पटत नाही, आणि तो गव्हाणीत झोपला होता तेव्हा विश्व कोण चालवत होतं? तिसरं, अवतार तर आपल्याकडेही आहेत, मग तुमच्याच देहधारणेचं, म्हणजे देव माणूस झाला याचं, एवढं काय.

निकियापासूनच सुरू करते, कारण हा मुद्दा व्हॉट्सअ‍ॅपवर इतका फिरलाय की आमच्या चर्चमधल्या कॉलेजच्या पोरांनाही तो खराच वाटायला लागलाय. धर्मसभा झाली ३२५ साली, निकिया म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझनिक. वाद होता अलेक्झांड्रियाच्या अरियसचा. आता हा अरियस काय म्हणत होता? येशू साधा माणूस होता असं तो अजिबात म्हणत नव्हता. तो म्हणत होता की पुत्र हा सगळं जग निर्माण व्हायच्या आधीपासून आहे, त्याच्याच द्वारे जग झालं, पण पित्याने त्याला निर्माण केलं, म्हणजे एक वेळ अशी होती की पुत्र नव्हता. आणि समोरची बाजू म्हणत होती की नाही, पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे, निर्माण केलेला नाही. येशूची उपासना दोन्ही बाजूंचे लोक करतच होते हो! ‘माणूस की देव’ असा प्रश्न त्या सभेपुढे नव्हताच, त्यामुळे माणसाला देव करण्याचं मतदान तिथे होणार तरी कसं? शेवटी लिबियाचे दोन बिशप सोडले तर जवळजवळ सगळ्यांनी सही केली.

आणि बादशहाचं म्हणाल तर पुढचं बघा. त्याच कॉन्स्टंटाईनने नंतर अरियसला परत बोलावलं, निकियाची बाजू लढवणाऱ्या अथानासियसला ३३५ साली पार ट्रियरला हद्दपार केलं, आणि ३३७ मध्ये मरताना बाप्तिस्मा घेतला तो निकोमेदियाच्या युसेबियसकडून, जो अरियसचा पाठीराखा होता. त्याचा मुलगा कॉन्स्टंशियस तर उघडपणे निकियाच्या विरुद्ध. अथानासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. सत्तेने हा विश्वास बनवला असता तर सत्तेनेच तो पन्नासेक वर्षं मोडायचा प्रयत्न का केला असता? टिकला तो लोकांमुळे, कारण ते आधीपासून तसंच प्रार्थनेत म्हणत आले होते.

आधीपासून म्हणजे कधीपासून? याला पुरावा ख्रिस्ती माणसाचाच असला पाहिजे असं नाही. निकिया ज्या बिथुनिया प्रांतात आहे, त्याच प्रांताचा रोमन गव्हर्नर होता प्लिनी. साधारण ११२ साली, म्हणजे धर्मसभेच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी, त्याने सम्राट त्राजानला पत्र लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडायच्या आधी जमतात आणि ख्रिस्ताला, जणू तो देव आहे असं समजून, आळीपाळीने स्तोत्र म्हणतात असं त्याने कळवलंय. आणि खरं काय ते काढून घ्यायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, ज्या मंडळीत सेविका होत्या. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. मला या पत्रातल्या याच दोघी सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. ना बिशप, ना बादशहा, ना मतदान. दोन गुलाम बायका, आणि ज्याला रोमने गुलामांना मारतात तसं क्रुसावर मारलं त्याला पहाटे देव म्हणून गाणाऱ्या मंडळीच्या त्या सेविका. निकियाची सभा व्हायला अजून दोन शतकं होती आणि तिथल्याच आसपास हे चाललं होतं!

त्याच्याही मागे जाऊ. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेलं पत्र येशूच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांच्या आतबाहेरचं आहे, आणि त्याच्या दुसऱ्या अध्यायातला भाग हे आधीपासून गायलं जाणारं स्तोत्र असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. त्यात आहे की जो देवाच्या स्वरूपाचा होता त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं, माणूस झाला, मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत नमला. आणि मग येतं की येशूच्या नावापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. आता हे गुडघ्याचं वाक्य कुठलं आहे? जुन्या करारातल्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या, यशयाच्या ४५व्या अध्यायातलं. तिथे देव स्वतः बोलतोय, मीच देव आहे, दुसरा कोणी नाही, माझ्यापुढे प्रत्येक गुडघा टेकेल. अख्ख्या जुन्या करारात एकाच देवाबद्दल जिथे सगळ्यात ठणकावून सांगितलंय, नेमकं तिथलंच वाक्य उचलून येशूला लावलंय, आणि लावणारा पौल हा कट्टर परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुदी!

हे किती अवघड होतं ते कळायला इसवी सन ४०च्या सुमाराची गोष्ट सांगते. कॅलिगुला सम्राटाला जेरुसलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा होता. सिरियाचा गव्हर्नर पेत्रोनियस सैन्य घेऊन निघाला तर यहुदी लोक पेरणीच्या दिवसांत शेतं टाकून हजारोंनी त्याच्यासमोर आले, जमिनीवर पडले, माना पुढे केल्या, आम्हाला आधी मारा म्हणाले. इतिहासकार योसेफसने हे लिहून ठेवलंय. माणसाला देव म्हणण्यापेक्षा मरण बरं, असा तो समाज. येशूला क्रुसावर देऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि याच समाजातली पेत्र, योहान, याकोब ही येशूची शिष्य माणसं येशूच्या नावाने प्रार्थना करत होती. ग्रीक लोकांनी कुणाला देव केलं असतं तर मी पण म्हटलं असतं की त्यात काय नवल. पण यांनी? यांना काहीतरी असं भेटलं होतं की ज्याला दुसरं नावच देता येईना.

आता विश्व कोण चालवत होतं. हा प्रश्न जुना आहे, आणि अथानासियसनेच त्याचं उत्तर दिलंय की शब्द (म्हणजे देवाचा पुत्र) देहात आला म्हणजे देहात कोंडला गेला नाही, देहात असतानाही तो सगळं सांभाळत होताच. देवत्व आटून बाळाएवढं झालं असं आम्ही म्हणतच नाही. ४५१ साली खाल्केदोनच्या सभेने हेच नीट मांडलं, तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. हे डोक्यात सहज मावतं असा माझा दावा नाहीये. पण मला त्याहून मोठी गोष्ट ही वाटते की चर्चला सुरुवातीला भांडावं लागलं ते येशूच्या माणूसपणासाठी! देवाला घाम कसा येईल, तो फक्त माणसासारखा दिसला असेल, असं म्हणणारे पहिल्या-दुसऱ्या शतकातच निघाले, आणि योहानाच्या पत्रात त्यांना सरळ विरोध आहे. शोमरोनातल्या विहिरीपाशी तो दमून बसला, लाजरच्या कबरेपाशी रडला, गेथशेमानेत हा प्याला टळू दे म्हणाला, ही वाक्यं कुणी खोडली नाहीत. पुढे अपोलिनारिस नावाचा बिशप म्हणाला की येशूचं शरीर माणसाचं पण मन देवाचं, तर नाझियान्झसच्या ग्रेगरीने उत्तर दिलं की जे त्याने धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. माझं भय, माझं दुःख, माझं मन हे त्याने घेतलं नसेल तर ते तसंच आजारी राहिलं. देहधारण मला एवढं जवळचं वाटतं ते याच्यासाठी, वाद जिंकण्यासाठी नाही.

अवतारांबद्दल. मी कुणाची श्रद्धा लहान करणार नाही, ना. वा. टिळक तर म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण आम्ही जे मानतो ते एकदाच घडलेलं आहे, म्हणून तर आमच्या विश्वासांगीकारात, म्हणजे आम्ही काय मानतो ते सगळे मिळून म्हणतो त्यात, दर रविवारी येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमन अधिकाऱ्याचं नाव घेतलं जातं, पंतय पिलात. त्याच्या नावाचा दगड १९६१ मध्ये कैसरियात सापडलाय. आणि दुसरं म्हणजे काम संपल्यावर त्याने तो देह उतरवून ठेवला नाही. मेलेल्यातून उठल्यावरही शिष्य थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि तोच देह घेऊन तो पित्याजवळ आहे असं आम्ही मानतो.

तुम्हाला अजूनही हे पटणार नाही कदाचित, तो तुमचा हक्क आहे. फक्त प्लिनीचं ते पत्र एकदा वाचा, दहाव्या खंडातलं ९६वं, दोनेक पानांचंच आहे आणि इंग्रजीत नेटवर फुकट मिळतं. वाचून त्यावर जे लिहायचंय ते बिनधास्त खाली लिहा, मी उत्तर देईन.