रंगरुटाला बंदूक शिकवणारा फौजी नाही, हे ठरवलं कोणी?

गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मजकूर आमच्या घरात शिरला. गावच्या ग्रुपवर तीनदा आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदा, आणि शेवटी कोणीतरी तो मोठेबाबांना ओसरीवर बसून वाचून दाखवला. मोठेबाबा 1963 मध्ये, चीनच्या लढाईनंतर फौजेत मोठी भरती निघाली तेव्हा, वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून महार रेजिमेंटमध्ये गेले आणि हवालदार होऊन परत आले. 71 च्या लढाईच्या वेळी ते मध्य प्रदेशात सागरच्या ट्रेनिंग सेंटरला उस्ताद, म्हणजे रंगरुटांना शिकवणारे, होते. ऐकून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मंग पंधरा ऑगस्टच्या सत्काराच्या यादीतून मायं नाव काढून टाका म्हनाव त्याईले." त्या रात्री ते जेवले नाहीत.

मजकुरात चार गोष्टी आहेत. एक, ट्रेनिंग सेंटरमध्ये नोकरी केलेला माणूस कायद्याने माजी सैनिक नसतो, त्यामुळे सत्कार आणि घरपट्टीची सूट त्याला लागू नाही. दोन, ज्याच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतल्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात) 'ट्रेनिंग कंपनी' लिहिलं आहे तो कधी सीमेवर गेलाच नाही. तीन, कामठी ही नुसती शिकवण्याची छावणी, विदर्भात लढाऊ पलटण कधी उभी राहिली नाही. चार, महारांची पलटण 1921 मध्ये 'लढता येत नाही' म्हणून मोडली आणि भीमा कोरेगावच्या लढाईचं नाव मागाहून चिकटवलं. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

पहिली गोष्ट सगळ्यात विषारी आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो. माजी सैनिक कोण, याची केंद्र सरकारची व्याख्या लिहिलेली आहे, कोणाच्या मनावर सोडलेली नाही. नियमित भूदल, नौदल किंवा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर, लढाऊ म्हणून असो वा बिगर-लढाऊ म्हणून, सेवा करून पेन्शन मिळवून बाहेर पडलेला माणूस त्या व्याख्येत बसतो. 'लढाऊ असो वा बिगर-लढाऊ' हे शब्द नीट वाचा. पलटणीतला स्वयंपाकी त्यात येतो, न्हावी येतो. मग ज्याने शेकडो रंगरुटांच्या हातात रायफल दिली तो हवालदार बाहेर कसा राहील? आणि उस्ताद तर बिगर-लढाऊही नसतो. तो पायदळाचा लढाऊ शिपाईच असतो, फक्त त्या काळात त्याची नेमणूक सेंटरला असते.

ही चूक नुसती मानापमानाची असती तरी मी एवढा चिडलो नसतो. पण शेजारच्या गावातल्या एका माउलीने, जिचा नवरा सेंटरलाच नोकरी करून निवृत्त झाला आणि चार वर्षांपूर्वी वारला, हा मजकूर ऐकला आणि ती माझ्या आईला विचारायला आली, "मायी पेन्शन बंद होईन का वो बाई?" दोन रात्री तिला झोप नव्हती. मजकूर पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने त्या दोन रात्रींचा विचार करावा. तिची पेन्शन बंद होत नाही. घरपट्टीची सूटही माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा म्हणूनच मिळते, कंपनी विचारून नाही.

71 च्या लढाईचं म्हणाल तर पदकंच सांगतील. 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात जे सेवेत होते त्यांच्यासाठी संग्राम मेडल काढलं गेलं. मोठेबाबांच्या पत्र्याच्या पेटीत ते आहे. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार मात्र प्रत्यक्ष त्या त्या आघाडीवर असलेल्यांना मिळाले, आणि ते मोठेबाबांकडे नाहीत. एवढा फरक आहे, आणि तो मी मान्य करतो. गोळ्यांखाली उभं राहणं आणि सागरच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, उभं राहणं एकच आहे असं मोठेबाबाही कधी म्हणाले नाहीत. पण ज्या सरकारने हा फरक केला त्याच सरकारने सेंटरवाल्याच्या छातीवरही पदक लावलं. मजकूर लिहिणाऱ्याला यातली एकच बाजू दिसली.

सेंटरवर काय चालतं हे या लोकांना माहीत असावं असं वाटत नाही. फौजेच्या हिंदीत 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणं. लहानपणी मोठेबाबा आम्हाला 'शिस्त घे' म्हणायचे तेव्हा आम्ही ताठ उभे राहायचो, आणि ते हसून एक डोळा मिटायला सांगायचे. एल. एम. जी., म्हणजे हलकी मशीनगन, अडकली तर अंधारात, नुसत्या बोटांनी चाचपून ती मोकळी कशी करायची, तापलेली बॅरल कशी बदलायची, हे त्यांनी पोरांकडून इतक्या वेळा करून घेतलं की अजूनही सांगताना त्यांचे हात आपोआप हलतात. आणि ग्रेनेड. जुन्या 36 नंबरच्या ग्रेनेडला हाताने फेकताना चार सेकंदांचा फ्यूज असायचा. खेड्यातून आलेलं अठरा वर्षांचं पोर, घामाने ओले हात, पिन काढलेली. ते घाबरून खड्ड्यातच हातातून सुटलं तर पोराला ओढून बाहेर काढायला उस्तादाजवळ तेवढेच चार सेकंद. अशा खड्ड्यात मोठेबाबा दिवसचे दिवस उभे राहिले. त्याला 'बसून पगार खाल्ला' म्हणायचं?

मागे राहणारे सुरक्षित असतात, हे तर आपल्या भागातल्या माणसाने बोलूच नये. 31 मे 2016 ची रात्र विसरलात का? पुलगावच्या दारूगोळा भांडाराला मध्यरात्रीनंतर आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि अग्निशमन दलाचे कितीतरी लोक गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं अंधारात पोरंबाळं घेऊन निघाली. तिथे सीमा नव्हती, शत्रू नव्हता. त्या लोकांची सेवा कोणत्या खात्यात टाकायची?

'ट्रेनिंग कंपनी' या शब्दाबद्दल. डिस्चार्ज बुकातली ती नोंद त्या त्या नेमणुकीपुरती असते. चांगला नाईक किंवा हवालदार पलटणीतून निवडून काही वर्षांसाठी सेंटरला पाठवतात आणि मग तो पलटणीत परत जातो. मोठेबाबा पलटणीतून सेंटरला गेले आणि पुन्हा पलटणीत आले, सगळं त्यांच्या बुकात ओळीने आहे. एक ओळ वाचून माणसाची सगळी नोकरी ठरवायची नसते. आणि ट्रेनिंग कंपनीच्या नावावर लढाया सापडत नाहीत त्याचं कारण साधं आहे. युद्धसन्मान पलटणीला आणि रेजिमेंटला मिळतात. ट्रेनिंग कंपनीतून कसम परेड (शपथेची परेड) करून निघालेला जवान ज्या पलटणीत जातो, त्याचं पुढचं सगळं तिच्या नावावर चढतं. 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत 8 महारचे, म्हणजे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी ठरले. त्यांच्यासोबत जे जवान होते, त्यांना बंदूक धरायला कुठे शिकवलं होतं? सागरलाच.

कामठीचं उत्तर लहान आहे. छावणी 1821 पासूनची. महार रेजिमेंटची पहिली पलटण 1941 मध्ये बेळगावला उभी राहिली आणि दुसरी कामठीला, ती दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात गेली. 1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली तेव्हा तिचं सेंटरही कामठीतच होतं, सागरला नंतर गेलं. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे. आमच्या बाजूच्या एका पोराने उत्तरादाखल 'परमवीर अल्बर्ट एक्का कामठीत शिकले' असं टाकलं. तेही काढून टाक बाबा. एक्का 1962 मध्ये बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले होते, 14 गार्ड्स या गार्ड्सच्या पलटणीत नंतर आले. खोट्याला खोट्याने उत्तर देऊ नये.

राहिलं कोरेगाव. इथे मजकुरात अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करताना जड जातं. 1 जानेवारी 1818 ला लढलेली मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची पलटण आणि 1941 ची महार रेजिमेंट यांच्यात कागदावर अखंड वंशावळ नाही. तो युद्धसन्मान पुढे ग्रेनेडियर्सकडे गेला. पण म्हणून नाव 'चिकटवलं' होत नाही. कोरेगावच्या स्तंभावर महार शिपायांची नावं कोरलेली आहेत, आणि नव्या रेजिमेंटने सुरुवातीला आपल्या बिल्ल्यावर तोच स्तंभ घेतला. 1921 चं दिलेलं कारण तर सरळ खोटं आहे. 111 महार ही पलटण 1917 मध्ये महायुद्धासाठी उभी केली आणि युद्धानंतर फौज कमी करताना मोडली, तशा इतरही कितीतरी पलटणी मोडल्या. त्याआधी महारांची भरती इंग्रजांनी बंद केली ती 'लढवय्या जाती'चं खूळ डोक्यात घेऊन. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये आणि शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 मध्ये अर्ज लिहिले. लढता येत नाही म्हणून काढलेली माणसं असे अर्ज लिहीत नसतात.

ग्रामपंचायतीला मी लेखी दिलं आहे, मोठेबाबांचं नाव यादीत राहील. येत्या सोमवारी त्या माउलीला घेऊन मी वर्ध्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातो आहे. आणखी कोणाच्या मनात शंका असेल तर डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पी. पी. ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन सकाळी सातच्या एसटीला फाट्यावर या. झेरॉक्स दोन-दोन काढून आणा.