मशीन कमजोर केलेलं नाही, साहेब (दुकानाकडून उत्तर)

नमस्कार साहेब. तुमच्या जनरेटरबद्दलचा रिव्ह्यू वाचला. ऐन गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. फोन उचलला गेला नाही हेही खरं. त्या आठवड्यात मंडळांची कामं चालू होती, हात ग्रीसमध्ये असतात आणि फोन गल्ल्यावर वाजत राहतो. त्याचं काहीतरी करतो आहे.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय की चांगलं चालणारं जनरेटर अपग्रेड करायला दिलं, ३८०० रुपये घेतले आणि कमजोर करून परत दिलं. आधी अर्ध्या एचपीचा पंप उचलायचं, आता उचलत नाही, चार दिवसांत बंद पडलं, आणि वर मालक अरेरावीने बोलतो.

पैशाचं मी फार बोलत नाही. सायलेन्सर, चाकं, तासांचा मीटर, एमसीबीचा बॉक्स, ऑइल, कार्ब्युरेटरची सफाई, सगळं बिलावर आहे, आणि काढलेलं जुनं सामान पिशवीत घालून तुमच्याच गाडीत ठेवलं होतं. पण "कमजोर करून दिलं" हे मात्र गिळवत नाही. दापोलीत इतकी वर्षं हेच काम करून घर चालवतो मी. उद्या कुणी नवीन गिऱ्हाईक दुकानाचं नाव शोधेल, त्याला सगळ्यात वर हेच दिसणार.

मशीन आलं तेव्हा गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा स्पीड आवरणाऱ्या भागाच्या, स्प्रिंगला बाइंडिंग वायरचे दोन पीळ मारलेले होते. कंपनी असं करत नाही, मीही करत नाही. कुणीतरी व्हिडिओ बघून स्प्रिंग ताणून स्पीड वाढवला होता. तुमच्यासमोर मीटर लावला, आठवत असेल. २६२ व्होल्ट आणि ५६ हर्ट्झ. म्हणजे मशीन मिनिटाला ३३६० फेरे मारत होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यासाठी अशा छोट्या मशीनला बरोबर ३००० फेरे लागतात, लोड नसताना थोडे जास्त, बस. तुमच्या मशीनमध्ये एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट, नाही, कपॅसिटरवाली वाइंडिंग आहे, त्यामुळे स्पीड वाढला की व्होल्टेजही चढतं. दिवे लखलखीत दिसतात, पंखा जोरात फिरतो, माणसाला वाटतं मशीनमध्ये दम आहे. दम वगैरे काही नाही, ते स्वतःलाच जाळत असतं. फ्रिजचा स्टॅबिलायझर गेला असं तुम्हीच त्या दिवशी बोलता बोलता म्हणालात. तो कशाने गेला असेल?

मी ती वायर काढली, नवी स्प्रिंग घातली, स्पीड जागेवर आणला. यालाच तुम्ही कमजोर म्हणताय. मशीन एक केव्हीएचं आहे, म्हणजे फार तर ८०० वॅट. अर्ध्या एचपीचा पंप चालताना सहाशे-सातशे वॅट घेतो हे मान्य, पण सुरू होताना त्याच्या चार-पाच पट ओढतो. ताणलेल्या स्पीडवर तो कसाबसा उचलला जात होता, तोही दर वेळी वाइंडिंगला चटका देऊन. पंप चालवायचाच असेल तर मोठं मशीन लागेल हे मी काम घेतानाच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही हसलात आणि "तुम्ही करा हो काहीतरी" म्हणालात.

बंद पडल्याचं सांगतो. तुमचा भाचा मशीन घेऊन आला, पेटीसकट. प्लायवूडची पेटी, आतून अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आवाज कमी व्हावा म्हणून. मेहनत दिसत होती, नाही म्हणत नाही. पण ही इंजिनं हवेवर थंड होतात आणि ती हवा दोरी ओढायच्या बाजूने आत खेचतात. ती बाजू पूर्ण बंद. सायलेन्सरकडचे ट्रे करपून तपकिरी झाले होते, अजून थोडं चाललं असतं तर पेटलेच असते. पेटीतून काढून गार होऊ दिलं आणि दोरी मारली. दुसऱ्या झटक्यात सुरू. भाच्यासमोर अर्धा तास पंखा, टीव्ही आणि दिव्यांवर चालवून दाखवलं. त्याचे पैसेही घेतले नाहीत. रिव्ह्यूत हे आलेलं नाही.

राहिली अरेरावी. तुम्हाला दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर हवी होती, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला. मी नाही म्हणालो, तुम्ही परत मागितली, मी परत नाही म्हणालो, आणि तेव्हा आवाज चढला माझा. चढणारच. मेन स्विच पाडायचा विसरला की तीच वीज मीटरमधून उलटी ट्रान्सफॉर्मरवर जाते आणि पलीकडे ११ हजार व्होल्ट होऊन निघते. खांबावर वायरमन असतो, त्याला वाटतं लाइन बंद आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या, तेव्हा हीच माणसं पावसात खांब उभे करत होती. ती वायर माझ्या दुकानात बनणार नाही. एक स्टार दिला तरी नाही. हजार-दीड हजारात चेंजओव्हर स्विच बसतो, एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच काहीतरी घराला जोडणारा, तो बसवून घ्या, माझ्याकडूनच पाहिजे असंही नाही.

आणि मशीन पडवीत, खिडकीखाली लावू नका. भाचा म्हणाला म्हणून लिहितोय. त्या धुराला वास येत नाही अशातली गोष्ट नाही, पण जीव घेणारा जो वायू त्यात असतो त्याला वास नसतो. उघड्यावर, घरापासून लांब ठेवा, वर पत्रा चालेल.

यापुढे किती लोड चालेल ते बिलावरच लिहून देणार आहे, सही घेऊन. स्टार कमी-जास्त करणं तुमच्या हातात आहे, मी मागणार नाही. अजूनही शंका असेल तर मशीन घेऊन या, तुमच्यासमोर मीटर लावतो, पैसे नकोत. दुकान सकाळी दहानंतर, सोमवारी बंद. पेटी आणू नका, आणि एसटीने येणार असाल तर टाकी रिकामी करून आणा, कंडक्टर चढू देत नाही. तसंही ते इथेनॉलचं पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटरच्या वाटीत घाण धरते, मागच्या वेळी तीच काढली होती.