ऑटिस्टिक मुलाने केलेली फिल्म त्याचीच असते

सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटिझमच्या मुलांना कल्पनाशक्ती नसते. ती ऐकलेलं-पाहिलेलंच पुन्हा करतात. त्यांच्या नावावर दाखवतात त्या फिल्म म्हणजे आईबापांची हौस.’ तिन्ही वाक्यांतून निघणारा अर्थ चूक आहे. ती वाचून एखादी आई पोराच्या हातातला मोबाईल काढून घेईल, ही माझी काळजी.

कल्पनाशक्ती नसते? २००७ साली अमेरिकेतल्या मेल बॅग्ज यांनी ‘इन माय लँग्वेज’ हा छोटा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. बॅग्ज स्वतः ऑटिस्टिक. पहिल्या भागात एक शब्द नाही. नुसतं गुणगुणणं, हातांच्या हालचाली, नळाच्या धारेत खेळणारी बोटं. मग टाइप केलेला मजकूर कम्प्युटरच्या आवाजात ऐकू येतो: हे पाणी कशाचंही प्रतीक नाही, माझा आणि त्याचा व्यवहार चाललाय. प्रेक्षकाला आधी बुचकळ्यात टाकायचं आणि मग बोलायचं, हा क्रम ठरवायला दिग्दर्शकाचंच डोकं लागतं.

‘पुन्हा करतात’ हे खरं, पण ते निरर्थक नसतं. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी १९८१ मध्येच दाखवलं, की ऐकलेलं लगेच उच्चारण्यातून ही मुलं मागतात, होकार देतात, स्वतःला सावरतात.

राहिली आईबापांची हौस. माझ्या ओळखीतल्या विश्रामबागच्या एका मुलाने मार्केट यार्डातली हळद शूट केली. तो फारसा बोलत नाही. सौद्याचा गलका त्याने पार बारीक केला आणि पोत्यातून हळकुंडं ओततानाचा खडखडाट मोठा ठेवला, तोही तीनदा. आईला गणपती मंदिराचा शॉट आणि मागे गाणं हवं होतं. तिने गाणं घातलं, त्याने काढलं. तिने पुन्हा घातलं, तेव्हा त्याने मंदिराची क्लिपच उडवली. यात हौस कुणाची दिसते?

शूटिंगची परवानगी वडिलांनी काढली, हे खरं. म्हणून फिल्म वडिलांची होत नाही. १८४३ मध्ये याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं, तेव्हा विष्णुदास भावेही रंगमंचावर एकटे नव्हते.

पोराला विचारल्याशिवाय त्याची फिल्म मिरवणारे पालकही आहेत, आणि ते मला मुळीच पटत नाही. पण त्यावर उपाय साधा आहे: काय ठेवायचं, काय काढायचं, कुणाला दाखवायचं, हे त्याला विचारा. बोलत नसेल तर दोन क्लिप समोर ठेवा आणि तो निवडेपर्यंत थांबा.