हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

‘हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाची गोळी द्यावी आणि मोकळं व्हावं. लूसी विल्सच्या जुन्या गोष्टी सांगून सामान्य वाचकाला घोळात का घालता?’ असं तुम्ही लिहिलंत. खेड्यात प्रॅक्टिस केलेल्या माणसाची तळमळ त्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे लोहाची कमतरता फार मोठी आहे आणि गरोदर बाईला सरसकट गोळी देणं योग्यच, यावर आपलं दुमत नाही. पण सरकारी केंद्रात मिळणारी ती गोळी नुसत्या लोहाची नसते. ६० मिलिग्रॅम लोहासोबत तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, असतं. ते तिथे कसं आलं, हे सांगायचं तर परळला जावंच लागतं.

ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स १९२८ साली भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मुंबईत गिरणीकामगार बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत होत्या. त्यांच्या तांबड्या पेशी कमी होत्या, पण आकाराने मोठ्या. चित्र थेट पर्निशियस ॲनिमियाचं, म्हणजे बी१२ जीवनसत्त्व अंगी न लागल्याने होणाऱ्या रक्तक्षयाचं. विल्सनी या बायकांचं रोजचं खाणं तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी यीस्टच्या स्वस्त अर्काने, म्हणजे मार्माइटने, रोगी सुधारतात हे त्यांनी १९३१ साली छापलं. पर्निशियस ॲनिमियावर रामबाण ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क मात्र इथे फुकट गेला, कच्चा अर्क लागू पडला. खरी गोम इथेच आहे: रक्त सारखं दिसलं तरी कमतरता वेगळी होती. पुढे १९४५ मध्ये मार्माइटमधला तो गुणकारी घटक, म्हणजे फोलिक ॲसिड, प्रयोगशाळेत तयार झालं, १९४८ मध्ये बी१२ हाती लागलं, आणि दोन्ही धागे सुटे झाले.

ते सुटे ठेवले नाहीत तर काय होतं, ते मी ओपीडीत पाहतो. पन्नाशीच्या एक शाकाहारी बाई कित्येक महिने लोह-फोलिक घेत होत्या. हिमोग्लोबिन थोडं वर आलं होतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण तळपायांना मुंग्या, आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या की तोल जायचा. स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर अंडाकृती, मोठाल्या तांबड्या पेशी आणि सहा-सहा खंडांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. कमतरता बी१२ची होती. फोलिकने रक्त सावरतं, मज्जारज्जूची झीज मात्र चालूच राहते, आणि उशीर झाला तर ती पूर्ण भरून येत नाही. अशा रोग्याला गोळी देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

‘गावात स्मिअर कोण बघणार?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण हिमोग्लोबिन ज्यात येतं त्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) त्याच कागदावर एम.सी.व्ही., म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, छापलेला असतो, त्याला जादा पैसे पडत नाहीत. १००च्या वर असेल तर बी१२चा विचार आधी करा. आकडा फार कमी असूनही लोह देऊन महिन्याभरात फरक पडला नाही, तर गोळ्या नीट घेतल्या का, कुठे रक्तस्राव आहे का हे विचारा आणि थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) तपासा. आकडा नॉर्मल दिसला तरी लोह आणि बी१२ या दोन्ही कमतरता एकत्र असू शकतात. मुंग्या, जिभेची आग, तोल जाणं यांतलं काही असेल, तर रोग्याला तालुक्याला पाठवा.