फेस आला म्हणजे बुरशी गेली असं नाही

टाइल्सच्या फटी काळ्या पडल्या की एक घरगुती उपाय हमखास पुढे येतो. थोड्याफार फरकाने तो असा असतो: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फटींवर ओता, फेस बुरशीला मुळासकट वर आणतो. डाग जुना असेल तर त्यातच झाकणभर ब्लीच घाला. उरलेलं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा. यात केमिकल नाही आणि बुरशी पुन्हा येत नाही.

यातल्या बहुतेक चुकांमुळे फार तर मेहनत वाया जाते. ब्लीचवाली चूक मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच घेतो.

‘त्यातच झाकणभर ब्लीच घाला.’ अजिबात घालू नका. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यात व्हिनेगरसारखं आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने सोडला होता तोच हा वायू. झाकणभर ब्लीचमधून रणांगणाइतका वायू निघत नाही हे खरं, पण बाथरूमही रणांगणाएवढं मोकळं नसतं. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड असल्याने तो खाली, जमिनीलगत साचतो. आणि फटी घासणारा माणूस नेमका तिथेच, उकिडवा बसून, फटीजवळ तोंड नेऊन घासत असतो. डोळे चुरचुरले, घसा खवखवला, ठसका लागला तर ‘एवढं संपवू आणि उठू’ म्हणू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा छातीतली जळजळ थांबत नसेल तर डॉक्टर गाठा.

टॉयलेट क्लीनरची गाठ ब्लीचशी पडली तर आणखी वाईट. अशा बऱ्याच क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते व्हिनेगरपेक्षा कितीतरी तीव्र असतं. काच पुसायच्या, अमोनिया असलेल्या क्लीनरशी ब्लीच मिसळलं तर क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात. ‘एकत्र नाही, एकामागून एक वापरलं’ ही सबबही चालत नाही, कारण फटीच्या छिद्रांत पहिलं द्रावण मुरलेलं असतं. व्हिनेगर वापरलंच असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि ब्लीच दुसऱ्या दिवसावर ढकला.

‘फेस बुरशी उपटतो.’ फेस दिसायला जोरदार असतो, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण तो फक्त कार्बन डायऑक्साइड. सोड्याने व्हिनेगरमधलं आम्ल मारलं आणि आम्लाने सोडा. मागे उरलं सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी. ना धड आम्ल, ना धड सोडा. हिशेबच मांडायचा तर टेबलस्पूनभर, म्हणजे साधारण १४ ग्रॅम सोडा पूर्ण विरायला ५ टक्क्यांचं जवळपास २०० मिली व्हिनेगर लागतं. इतकं कोणी ओतत नाही. त्यामुळे बराचसा सोडा तसाच उरतो, आणि फट थोडी उजळते ती त्या उरलेल्या सोड्याच्या खरखरीने आणि हाताच्या जोराने. मग नुसता ओला सोडा आणि नायलॉनचा ब्रश घ्या, काम तेवढंच होईल.

तेवढ्याच सोड्यातून सुमारे ४ लिटर वायू निघतो. ‘स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवा’ हा सल्ला कुठे घेऊन जाईल ते यावरून कळावं.

‘निदान व्हिनेगरने नुकसान तरी नाही.’ काही बुरशांची वाढ व्हिनेगर रोखतं, हे मान्य. पण फटीतलं नेहमीचं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, सिमेंटचं असतं आणि सिमेंटमध्ये चुना असतो. आम्ल आधी त्या चुन्याला खातं. ग्राउटचा सुटलेला तुकडा मिळाला तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा: बारीक बुडबुडे येतील. हेच वारंवार केलं की पृष्ठभाग खरबरीत होतो, नखाने वाळूचे कण निघायला लागतात, आणि अशा फटीत पाणी, साबण, बुरशी सगळंच जास्त मुरतं. संगमरवरावर तर व्हिनेगर टाकूच नका. टाइल्सवर पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर तिथे ते कामाचं आहे, पण ती बुरशी नव्हेच.

‘फट पांढरी झाली म्हणजे बुरशी मेली.’ काळा रंग बहुतेकदा बुरशीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. ब्लीच तो रंग झटकन उडवतं. छिद्रांत गेलेले तंतू मरायला वेळ लागतो. रंग गेला की लोक लगेच धुऊन टाकतात, आणि काही आठवड्यांत त्याच जागी तीच रेघ. ब्लीच वापरायचंच तर आधी फट डिटर्जंटने घासून धुवा, कारण साबणाचा मळ ब्लीचची ताकद खाऊन टाकतो. मग १ लिटर पाण्यात फार तर ६० मिली ब्लीच, तेही ताजं कालवलेलं, आणि दहाएक मिनिटं फट ओली राहू द्या. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते प्रमाण. हातमोजे, चष्मा, दार-खिडकी सताड उघडी. ब्लीचचा वास सोसत नसेल तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एकटंच वापरा, व्हिनेगरमध्ये मिसळून नको.

‘केमिकल नाही.’ व्हिनेगर, सोडा, वर ब्लीच. पुढे जाऊ.

‘पुन्हा येत नाही.’ येणार. बुरशीचे बीजाणू हवेतच असतात. ते कोणत्याही बाटलीने संपत नाहीत. त्यांना हवं असतं पाणी आणि खायला थोडा साबणाचा, त्वचेचा मळ. मळ काही प्रमाणात राहणारच, म्हणून धरायचं ते पाण्याला. अंघोळ झाल्यावर भिंतीवरून वायपर फिरवा, पडदा गोळा करून न ठेवता पसरवा, एक्झॉस्ट फॅन दिवा बंद केल्याबरोबर बंद न करता भिंती कोरड्या होईपर्यंत चालू ठेवा. या कंटाळवाण्या कामाचा व्हिडिओ कोणी बनवत नाही, पण उपयोग याचाच. ग्राउट पूर्ण वाळल्यावर सीलर, म्हणजे पाणी अडवणारा लेप, लावला तर पाणी कमी मुरतं, मात्र तोही झिजतो आणि पुन्हा लावावा लागतो. फटी नव्याने भरायच्याच असतील तर इपॉक्सी ग्राउट जवळजवळ पाणी शोषत नाही.

बाकीचं बाथरूम कोरडं असून एकाच कोपऱ्यात डाग परत परत येत असेल तर टाइल बोटाने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला किंवा टाइल हलली तर मागे पाणी शिरत असण्याची शक्यता धरा आणि प्लंबरला बोलवा. भिंत आणि टबच्या सांध्यातलं सिलिकॉन आतून काळं पडलं असेल तर घासून हाती काही लागत नाही. ते ब्लेडने कापून काढायचं, जागा धुऊन पूर्ण वाळवायची आणि नवं भरायचं.